आवक

यादी रात्री उशिरा येते, तिकडे सकाळ होते तेव्हा.
हेमलता झोपलेली. मी बाहेरच्या खोलीत,
चष्मा कपाळावर, फोन नाकाशी.
या मोसमात सहा घोडे.
दोन जुन्याच साच्यातले, नुसता रंग बदललेला.
कंपनीला वाटतं आम्हाला कळत नाही;
मानेवरची ती शीर मी अंधारात हात फिरवून ओळखेन.
एक शिंगरू, झोपलेलं.
आणि एक अगदी नवा, चौखूर, शेपटी वाऱ्यावर,
त्याच्या नावासमोर: फक्त साडेतीनशे नग.

साडेतीनशेत एक सुदामा नगर, इंदूरला.
एवढं तरी मागावं की नाही माणसानं?

कस्टमवाले मुंबईत खोका उघडून बघतात,
पुन्हा चिकटवतात, पट्टी वाकडी.
कुरियरचा अरबाज खालूनच ओरडतो,
"अंकल, घोडा आया!"
आणि समोरच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या भावसारबाई
अजूनही दरवेळी रस्त्याकडे बघतात.

मे महिन्यात मात्र यांचे पाय वाकतात.
प्लास्टिकच ते. वर पत्रा, बाहेर त्रेचाळीस अंश,
जगज्जेता हळूहळू गुडघ्यातून खचायला लागतो.
मी पातेल्यात पाणी तापवतो, पाय बुडवतो,
वीस मोजतो, मग अंगठ्यानं सरळ करत करत
थंड पाण्यात धरून ठेवतो.
चौतीस वर्षं एम.वाय.च्या प्लास्टर रूममध्ये हेच केलं.
फरक इतकाच, हे ओरडत नाहीत
आणि दाराशी नातेवाईक नसतात.

नोंदी बापूंच्या वहीत.
बापू नगरपालिकेत टांग्यांचे परवाने लिहीत.
लाल कापडी पुठ्ठा; मागची शंभरेक पानं कोरीच राहिली,
कारण टेम्पो आले.
कंपनीचे इंग्रजी रंग मी त्यात उतरवत नाही,
बापूंचे शब्द आहेत ना: कुमैत, सुरंग, समंद, अबलख,
चारी पाय नि कपाळ पांढरं तर पंचकल्याणी.
स्वतः बापू घोड्याला भ्यायचे.
चार हात लांब उभं राहून लिहायचे:
"नं. २१२. सुरंग. डाव्या डोळ्यात फूल. छातीवर घट्टा."

हा २१२ मी दर यादीत शोधतो.
येतात ते सगळे जिंकलेले.
अरबी येतात, मारवाडी येतात, कानाला कान भिडलेले,
अंगावर तेल ओतल्यासारखी चकाकी.
सरवट्याच्या स्टँडवर भर दुपारी
एक पाय सैल सोडून, तोबऱ्यात तोंड घालून
बरगड्या मोजू देणारा
कुणी काढत नाही.

गेल्या महिन्यात एकच घोडा दोनदा आला.
चूक त्यांची, पण परत पाठवायचा खर्च घोड्याहून मोठा.
तर बसलो झिरो नंबरचा पॉलिशपेपर घेऊन.
छातीवर, पट्टा घासतो तिथे, घासलं.
हात थरथरला तो पहिल्या ओरखड्यापुरताच.
गुडघ्याची चकाकी उतरवली.
डाव्या डोळ्यात काडीच्या टोकानं पांढरा ठिपका.

बडोद्याच्या रोहिणी गुप्त्यांना फोटो धाडला.
त्यांच्याकडे चारशे आहेत, एकालाही खरचटलेलं नाही.
बराच वेळ त्या काहीतरी टाईप करत राहिल्या,
मग आलं: "अहो, किंमत गेली की हो याची!"

गेली.
वहीत, बापूंच्या २१२ खाली,
दीड ओळ मावेल एवढ्या जागेत लिहिलं:
"आवक, ९ जून. सुरंग. चालतो बरा."
मालकाच्या रकान्याशी पेन अडलं.
हेमलता म्हणाली, लिहा की तुमचं नाव.
म्हटलं, बघू.
आधी परवाना तर मिळू दे.