रोल

मशीन आली तेव्हा अणिक डेपोत आम्ही पेढे वाटले होते.
पत्र्याची पेटी गेली, पंच गेला,
बोटांवरचे घट्टे तेवढे राहिले.
मशीनच्या पोटात पांढरा गुळगुळीत रोल,
ना शाई, ना रिबन.
तापलं की आपोआप उमटतं, शिकवायला आलेला साहेब म्हणाला.
म्हणजे आपल्यासारखंच, मागून घोसाळकर बोलला,
तापल्याशिवाय तोंड उघडत नाही.

सवय मात्र पेटीच्या काळातली.
तिकीट फाडायच्या आधी अंगठा जिभेला.
गठ्ठ्यातली तिकिटं सुटी व्हायला थुंकी लागायची,
रोलला नाही लागत.
पण वीस वर्षांचा अंगठा कुणाचं ऐकतो?
दोन्ही हात अडकले की तिकीट ओठांत धरायचं
आणि सुटे मोजायचे.
शेवटच्या स्टॉपवर चहा, पिशवीतला, वाफाळता.
कोपरा दातानं तोडायचा.
प्लास्टिक इतकं मऊ झालेलं असायचं
की चिमटीत लहान मुलाचा गाल धरल्यासारखं वाटे.
मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

लघवीचं म्हणाल, तर कंडक्टर ती धरून धरूनच म्हातारा होतो.
म्हणून एकसष्टाव्या वर्षी मोरीत पंधरा पंधरा मिनिटं
नळ सोडून उभा राहू लागलो,
तेव्हा वाटलं, ड्युटी संपल्याचं अजून खालपर्यंत कळलं नसेल.

रिपोर्टवर आकडा होता अठरा पूर्णांक चार.
मग सुया, मग बारा तुकडे, मग तो शब्द.
परळच्या त्या खोलीत डॉक्टर कापडियांना विचारलं,
रोलमुळे झालं का?
माझ्या धाकट्याच्या वयाचा माणूस. लगेच बोलला नाही.
पाकिटाच्या पाठीवर अक्रोडाएवढी गाठ काढली, म्हणाला,
अशा कागदात, प्लास्टिकात काही द्रव्यं असतात,
ती शरीरातल्या संप्रेरकांसारखी दिसतात,
पेशी फसतात, आत घेतात.
धोका वाढत असावा, असं काही अभ्यास म्हणतात.
तुमच्या बाबतीत? वय आहे, घराणं आहे.
कुणीच सांगू शकणार नाही, काका.

म्हटलं, समजलं. खोटा पास.
फोटो बरोबर, शिक्का बरोबर,
गर्दीत लांबूनच दाखवलेला.
मीही किती सोडले असतील.
आतल्या कंडक्टरनं तरी काय करावं,
त्यालाही पुढच्या स्टॉपच्या आत
मागच्या सीटपर्यंत पोचायचं असतं.

इंजेक्शन सुरू झालं. पुरुषपणाचं पाणी तोडायचं, थोडक्यात.
तिसऱ्या आठवड्यात रात्री कानशिलं पेटली,
बनियन पिळून काढावा इतका घाम.
कुंदा उठली, पंखा पाचवर केला,
आणि इतकी हसली, इतकी हसली
की शेजारच्या सावेबाईंनी भिंत ठोकली.
आता कळलं ना, म्हणाली,
पन्नाशीत मला काय होत होतं ते?
मग गप्प झाली. ओला टॉवेल मानेवर ठेवला
आणि तसाच धरून बसली.

हॉस्पिटलच्या खिडकीत पैसे घेणारी मुलगी
पावती फाडते, अंगठा जिभेला लावते, पुढची फाडते.
मी पावती कोपऱ्याला, दोन नखांत धरून घेतली.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
जणू मी तिचा हात विटाळाचा मानला.
सांगायचं होतं, पोरी, तसं नाही गं.
मागून कुणी तरी म्हणालं, चला, पुढे सरका.
हे वाक्य माझं आहे. मी सरकलो.

पतपेढीत मदतनिधीसाठी मूळ पावत्या लागतात.
आठ महिन्यांच्या पावत्या टाचणी लावून नेल्या.
क्लार्कनं एकेक उलटली, उजेडात धरली,
पुन्हा उलटली.
काका, यांच्यावर तर काहीच नाही.
खरंच काही नव्हतं.
छापलेलं सगळं कधीच उडून गेलं होतं.

राहिलेल्या तरी नीट मोजू या, म्हणून
मी अंगठा तोंडाकडे नेला,
आणि तो तिथंच, हवेत, थांबला.