कस्तुराचा एक पाय

कस्तुरा अकरा दिवसांपासून तापीच्या काठाला उभी आहे,
एक पाय पाण्यात, दुसरा अजून वाळूत.
तिला पलीकडे जायचं आहे
आणि मला वेळ नाही.

आधी तन्वीची वार्षिक परीक्षा,
मग रावेरला नणंदेच्या दिराची हळद,
मग कूलरचा पंप जळाला,
आणि भुसावळात एप्रिलमध्ये कूलर बंद
म्हणजे डोकं बंद.

सातवं प्रकरण दुधाच्या हिशेबाच्या वहीत आहे,
उलट्या बाजूने.
पुढून अर्धा लिटर, अर्धा लिटर, खाडा, एक लिटर.
मागून कस्तुरा, तिचा मुका भाऊ, पुराचं साल.
मधल्या पानांवर दोघं लवकरच समोरासमोर येतील
तेव्हा वही कुणाची, ते ठरवावं लागेल.

गिरधर मालगाडीवर गार्ड.
रात्री दोन चाळीसला फोन येतो: चारची गाडी, खंडव्यापर्यंत.
तो बूट घालतो, मी दशम्या बांधते.
दार लागलं की साडेपाचपर्यंतचा वेळ माझा.
तो महिनाभर दिवसपाळीला राहिला
तर कादंबरी वाळते.
असं वाटणं वाईट आहे.
पण वाटतं.

मागच्या साली पुण्याहून बाड परत आलं,
सोबत अर्ध्या पानाचं पत्र:
भाषा ताजी आहे. मात्र स्वयंपाकघराचा तपशील
अंमळ जास्त, कथानक त्यात अडकतं.
मी ते उभ्यानेच वाचलं. आत भरताच्या मिरच्या भाजत होत्या,
ठसका लागला, डोळे भरले,
पोस्टमनला वाटलं, बाई रडते.
थोडी रडतही होते.
अडकतं, हे बरोबर आहे साहेब.
मीही तिथेच अडकते.

आज आमच्याकडे उडदाचे पापड.
गल्लीतल्या सात जणी, सात पोळपाट,
गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या.
लाटताना मी पुटपुटते म्हणे.
मला कळत नाही.
सासूबाई अक्षर ओळखत नाहीत,
मोतीबिंदू झाल्यापासून माणसंही आवाजावरून ओळखतात.
त्या मुसळाखालचं पीठ उलटवत म्हणाल्या,
सगळ्यांदेखत,
"काव, त्या कस्तुराले अजून पान्यातच उभं ठेवलं का तू?
अकरा रोज झाले.
पाय सुजले असतीन तिचे."

लाटणी थांबली.
"कोन कस्तुरा? यावलवाली का?" नेहेतेकाकूंनी विचारलं.
"हाये एक," सासूबाई म्हणाल्या.
मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, वळून,
"लाट्या मी करते. तू जाय.
तिले पार लाव आधी."

कोठीत, धान्याच्या कणगीवर वही.
हाताला तेल होतं, पुसायचं राहिलं,
अंगठा टेकला तिथे कागद पारदर्शक झाला
आणि कस्तुराच्या पदरातून
पलीकडचं अर्धा लिटर दिसू लागलं.

पार लाव म्हणाल्या होत्या.
पण मी तिला आधी वाळूत बसवलं.
तिने पाय चोळले. फडकं सोडलं.
आत दशमी होती, होय, दशमी,
आणि कैरीच्या लोणच्याची एक फोड,
जिचं तेल मधल्या घडीत उतरलेलं.
अर्धं पान ती नुसती जेवली.
नदी थांबली तोवर. नदीला काय घाई.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, पापडखार कुठे गं?
मी इथूनच सांगितलं,
वरच्या फळीवर, हिरव्या डब्यात, झाकण घट्ट आहे,
आणि खाली पाहिलं
तर तेही लिहून झालं होतं
कस्तुराच्या तोंडी.

खोडायला पेन टेकवलं.
मग राहू दिलं.