पानात टाकू नये

गॉसफर्थच्या चर्चच्या आवारात
लाल वालुकाश्माचा एक उंच, सडपातळ क्रूस आहे,
हजारेक वर्षांचा.
त्यावर एक बांधलेला माणूस, वर साप,
आणि भांडं धरून बसलेली एक बाई.
साप विष गाळतो, ती झेलते,
भांडं भरलं की ओतायला उठते.
कुठे ओतते
ते कोरणाऱ्याने कोरलेलं नाही.

इथून तीन मैलांवर, समुद्राकडे,
मी इंधनाच्या गोळ्या आखते.
करंगळीच्या नखाएवढी एक.
जुन्या अणुभट्ट्यांनी पानात टाकलेलं
प्लुटोनियम, नेप्च्यूनियम, अमेरिशियम
एकत्र कालवायचं
आणि वेगवान न्यूट्रॉनांपुढे पुन्हा वाढायचं:
संपवा.

अमेरिशियम भट्टीत ठरत नाही,
पंगत बसायच्या आत पाय काढणाऱ्या पाहुण्यासारखं
वाफ होऊन निसटतं.
जे राहतं ते अणुभट्टीत गेल्यावर
पोटात हीलियम धरतं.

चाचणीहून परतलेली सतरावी गोळी तडकलेली निघाली.
मॉरीन पोस्टलथ्वेटने हातभर जाड काचेपलीकडे
यांत्रिक बोटांनी ती उचलून दिव्याखाली फिरवली.
एकतीस वर्षं ती अशीच, न शिवता हाताळत आलीय
(इतकं कडक सोवळं आमच्या घरात कुणी पाळलं नव्हतं).
म्हणाली, "हिला श्वास सोडायला जागाच ठेवली नाहीस."

म्हणून आता मी
गोळीत पोकळ्या आखते.

बुधवारी बैठक होती.
दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला
"इथे खणू नका" हे कसं सांगायचं?
कुणी कवटी सुचवली, कुणी दगडी सुळे.
आणि कुणीतरी माझ्याकडे वळून, तुमची लिपी तर जुनी आहे ना?

मला आमच्या गावच्या वेशीवरचा गधेगाळ आठवला.
वर चंद्र-सूर्य, खाली गाढव,
मध्ये झिजलेल्या चार ओळींत शिवी:
ही जमीन जो बळकावेल, त्याच्या आईला.
त्याच दगडावर आम्ही चिंचोके फोडायचो.
पुढे कुणी त्याला शेंदूर फासला.
आता तिथे नवस बोलतात,
गाढवाला नारळ फुटतो.

मी म्हटलं, पाटीचं राहू द्या. मुदत कमी करा.

तीनशे वर्षं जमतील कदाचित,
सगळं नीट जळलं तर, आणि पुन्हा पुन्हा जाळलं तर.
तीनशे वर्षांपूर्वीचं मोडीतलं पत्र
मी बोट ठेवून, अडखळत, वाचते:
कुणाचा तरी बैल हरवलाय,
कुणीतरी वाटणीवरून रुसलंय.
तिथवर माणसाचा आवाज पोचतो.

आयोडीन मात्र उरतं.
निम्मं व्हायलाच त्याला दीड कोटी वर्षं लागतात.
माझ्या वहीत त्याच्यापुढचा रकाना
चौथ्या वर्षीही कोरा आहे.

काल पाऊस भुरभुरत होता,
भिंतीपलीकडे करड्या मेंढ्या पाठमोऱ्या उभ्या.
क्रूसाजवळ जाऊन पाहिलं, बाईच्या भांड्याची कड
वाऱ्याने बरीच खाल्लीय.
भांडं आहे की नुसता हात, सांगता येत नाही.

अठरावी गोळी गुरुवारी भट्टीत जाईल.
मॉरीन मार्चमध्ये निवृत्त होते.
तिच्या जागी आलेल्या पोराला ती सकाळी
काचेपाशी उभं करून सांगत होती:
काही सांडू नकोस.
सांडलंच, तर लपवू नकोस.