मागच्या रांगेतून

दर नोव्हेंबरात हाप्सालूच्या जुन्या थिएटरात
तोच सिनेमा लागतो, काळापांढरा, दोन ठिकाणी जोडलेला.
विर्वे मागच्या रांगेत, मांडीवर ओली छत्री.

पडद्यावर ती एकोणीसची,
तळ्यातून वर येतेय,
केस निथळताहेत, हनुवटीवर रक्त.
ब्लूबेरीचा मुरंबा होता तो.
प्रत्येक शॉटनंतर चाटून टाकायची
आणि मेकअपवाल्या हिल्याच्या शिव्या खायची.

पोरं आधी खिदळतात.
मग दार करकरतं
आणि पॉपकॉर्न तोंडातच राहतं.

विर्वेला सगळं ठाऊक आहे:
धुकं म्हणजे ओल्या गवताचा धूर,
चंद्र म्हणजे खानावळीतलं ताट.
तरी ती मुलगी पापणी न लववता
थेट मागच्या रांगेकडे बघते,
तेव्हा विर्वे छत्री घट्ट धरते.

पासष्ट वर्षं झाली,
अजून ओळख दाखवत नाही कार्टी.