तळ दिसला की

सप्टेंबर सरता सरता स्ट्रुमित्साकडून ट्रॅक्टर यायचा.
जाळीच्या गोण्यांत लाल मिरच्या,
पंजाएवढ्या, गोड, अजून उन्हाने कोमट.
दोने काट्यावर कोपर टेकवून
गोणीमागे दोन किलो स्वतःकडे ओढायचा.
आईला ठाऊक होतं. ती बोलायची नाही,
फक्त जाता जाता त्याच्या टोपलीतले चार कांदे उचलायची.
हिशेब चुकता.

अंगणात आडवं कापलेलं तेलाचं पिंप,
वर पत्रा, खाली द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्या.
मिरच्या सुस्कारायच्या,
अंगावर काळे फोड धरायच्या,
आणि गल्लीभर एकच वास:
वह्यांना, उशांना, कुत्र्याच्या मानेला.
त्या आठवड्यात कुणी पांढरं वाळत घालत नसे.

मग सोलणं.
गरम मिरच्या पिशवीत कोंडायच्या, घामेजू द्यायच्या,
आणि साल बोटांनी काढायची, पाणी न लावता.
पाण्याने चव वाहून जाते, आई म्हणायची.
लोझाना आत्या मांडीआड वाटी लपवून
बोटं बुडवायची हळूच.
स्पासेने एकदा डोळा चोळला.
डोळ्यावर दह्याचा बोळा ठेवून
बसला बिचारा दिवसभर, एका डोळ्याने आम्हाला शिव्या देत.

कढई दुपारी चढायची, उतरायची अंधार पडल्यावर.
माझ्या खांद्याएवढं लाकडी उलथणं,
आणि तांबडा रगडा, फुटणाऱ्या बुडबुड्यांतून
मनगटावर चटके उडवणारा.
"झालं का गं?"
"मला काय विचारतेस? तळ बघ."
उलथणं ओढलं की मागे वाट उघडायची.
लगेच मिटली, तर अजून तासभर.
रेंगाळली, काळा तळ जरा दिसत राहिला,
तर झाला आयवार.

बरण्या काकडीच्या, मधाच्या,
एक कुठल्याशा जर्मन कॉफीची, झाकण न बसणारी.
रात्री त्या सगळ्या बाबांच्या जुन्या कोटाखाली निजवायच्या.
सावकाश गार व्हायला हवं,
नाहीतर काच तडकते.

माणशी बारा. पाच माणसं, साठ बरण्या.
बाबा ल्युब्लियानाला बांधकामावर गेले
त्या वर्षीही साठ.
मार्चमध्ये तळघरात बारा उरल्या.
आईने त्या पुसून पुढच्या फळीवर मांडल्या,
पाहुण्यांना दिसतील अशा.
पुढच्या वर्षी पुन्हा साठ.

तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टरमधून एक गोणी कमी उतरली.
काटा त्या दिवशी पहिल्यांदाच खरं बोलला,
आणि आईने कांदे उचलले नाहीत.
आत्याने बरण्या मोजल्या. मग मी.
मग स्पासेने, बोटाने एकेकीला शिवत.
अठ्ठेचाळीस.
आम्हाला कुणी काही सांगितलं नाही.
त्या रात्री बरण्यांवर घोंगडी होती.
कोट पुढच्या सोमवारी दोनेच्या अंगात दिसला,
बाह्या जरा आखूड.

आता मी स्कोप्येत, सातव्या मजल्यावर.
मिरच्या ओव्हनमध्ये भाजते, खिडक्या लावून,
खालच्या बाई तक्रार करतात म्हणून.
बेगमी कसली, सुपरमार्केट रात्री दहापर्यंत उघडं असतं.
तरी ऑक्टोबर लागला की नखं काळी होतात.
फोन कानाशी धरून ढवळते.
मीठ किती, व्हिनेगर किती, तिला आकडे येत नाहीत.
"तळ दिसतोय का?"
"दिसतोय."
"किती झाल्या?"
"बारा."
ती थांबते. पलीकडे चमचा कपात फिरतो.
"आणि कुणी आलं तर?"

समोरच्या गच्चीत कुणीतरी
पांढऱ्या चादरी वाळत घातल्या आहेत.