दुसरी चिठ्ठी

त्सुयामाच्या सभागृहात, दुसऱ्या मजल्यावर,
वर्षातून चार रविवार
हिरव्या बनातीवर पाच पाती मांडतात.
मुठीत जाणारा भाग, ज्यावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं,
कापडात घट्ट गुंडाळलेला.
नाव न वाचता नाव सांगायचं,
चिठ्ठीवर.

मी चिठ्ठ्या उघडते.
मला तलवारीतलं काही कळत नाही.
अकरा वर्षं इथे बसून इतकंच शिकले
की पात्यासमोर आधी वाकायचं, मग उचलायचं,
आणि बोलायचं नाही :
श्वासातली ओलसुद्धा पोलादाला पुरते.

ते दिव्याकडे पातं धरतात,
धारेलगतच्या धुक्यात डोळे घालतात.
सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी एका रात्री
त्या लाल लोखंडाला पाणी दिलं,
ते पाणी हे अजून जोखतायत.

परीक्षक कुरामोची तीनच उत्तरं देतात :
अचूक.
घराणं बरोबर.
नाही.

इसोगाईंना दुसरी चिठ्ठी कधी लागली नाही.
निवृत्त गुरांचे डॉक्टर. पातं हातात घेतात ते
गाभण गाय तपासावी तसं,
बघण्याआधी वजन ऐकतात.
पर्सिमनची बक्षिसाची पेटी
दर वेळी त्यांच्याच सायकलवर.

त्या दिवशी चौथ्या पात्यापाशी ते थांबले.
टोकापासून वीतभर खाली धारेला एक खाच होती,
तांदळाच्या कणीएवढी.
नंतर कळलं :
नऊ वर्षांचे असताना बांबू फोडताना त्यांनीच पाडलेली.
त्या दुपारी वडिलांनी मारलं नव्हतं,
फक्त तेल लावून पातं पुन्हा छताच्या फळ्यांत लपवलं,
जिथे ते अमेरिकन जीप गावात आली तेव्हापासून होतं.
थोरल्या बहिणीनं, फुसाएनं, गेल्या साली ते विकलं.
ह्यांना सांगितलं नव्हतं.

रॉकेलचा स्टोव्ह फुरफुरत होता.
मी त्यांची चिठ्ठी उघडली.
अक्षर थरथरतं, नाव मोठं :
बिझेनचा हिसात्सुना.

कुरामोचींनी वाचलं. पुन्हा वाचलं.
चष्मा काढला.
"नाही."

कुणीतरी खोकलं. तेवीस माणसं
आणि इसोगाईंना 'नाही'.

त्यांनी दुसरी चिठ्ठी मागितली.
या वेळी पात्याकडे वळूनही पाहिलं नाही,
उभ्या उभ्या लिहिलं :
मिनो घराणं. दोनशे वर्षं नंतरचं. कानेयासू.

"अचूक."

मग कापड सोडलं.
काळ्या, जुन्या गंजावर
स्पष्ट कोरलेलं होतं : बिझेनचा हिसात्सुना.
सगळे माना पुढे करून बघू लागले.
कुरामोची म्हणाले, बघा,
लोखंडाचा गंज म्हातारा आहे,
अक्षरांच्या खोबणीतला तरुण.
छिन्नी चालवणारा घाईत होता. गिऱ्हाईक दारात उभं असेल.
हे नाव घासून काढलं तर प्रमाणपत्र मिळेल,
निनावी, पण अस्सल.

आणि खोट्यालाही आता दीडशे वर्षं झालीत,
असं मला वाटलं,
पण मी चिठ्ठ्या उघडणारी.

इसोगाईंनी विचारलं नाही की आता मालक कोण,
की किंमत किती.
कापसाच्या बोळ्यानं आपल्या बोटांचे ठसे पुसले,
लवंगेच्या तेलाचा हात फिरवला,
खाचेपाशी दोनदा.
"नाव राहू द्या," एवढंच म्हणाले,
कुणाला ते कळलं नाही.

पेटी त्या वेळी ओकाझाकीबाईंना गेली.
मी टेबल आवरलं, स्टोव्ह बंद केला.
चिठ्ठ्या जाळायचा नियम आहे.
त्यांची दुसरी जाळली.
पहिली
हिशेबाच्या वहीत कशी राहिली,
मला आठवत नाही.