घरघर

जिन्याखालच्या कपाटात, गॅसच्या मीटरशेजारी,
हूव्हर आणि कुणाच्याच मापाच्या न उरलेल्या गमबुटांमागे
तो काळा डबा तेरा वर्षं जागा होता.
मार्चपासून त्याला घरघर लागली.
डावा दिवा हिरव्याचा लाल झाला,
आणि सगळं स्टॉकपोर्ट निजलं की
भिंतीतून ऐकू यायचं,
कुणीतरी सुपात खडे पाखडत बसल्यासारखं.

नव्या लॅपटॉपने तर त्याच्याशी केव्हाच अबोला धरलेला.
ह्याची बोली जुनी, म्हणे. असुरक्षित.
मी दोघांच्या मधे मांडी घालून
तीन संध्याकाळी दुभाषीपण केलं.

नवा डबा आला. पांढरा, विटेएवढा, मुका.
वायर जोडली तसा पडद्यावर आकडा उमटला:
एक्केचाळीस तास शिल्लक.
मग बावीस. मग त्रेसष्ट.
हे गणित मला नवीन नाही,
माझी वकीलही असंच सांगायची.

आणि "घर" नावाच्या फोल्डरपाशी गाडं अडलं.
हा उघडायची तुम्हाला परवानगी नाही.
मालक: उदयन.

दोन वर्षांनी प्रेस्टनला फोन केला.
"बॉयलर बंद पडला का?" त्याने आधी हेच विचारलं.
बॉयलर नाही, म्हटलं, डबा.
"अजून आहे तो?"
शाळेतल्या एखाद्या मास्तरांबद्दल विचारावं तसा स्वर.
पासवर्ड त्याला तोंडपाठ होता,
लाँगसाइटच्या त्या भाड्याच्या खोलीचा पोस्टकोड,
घरमालकिणीच्या कुत्र्याचं नाव,
आणि शेवटी उद्गारचिन्ह. ते विसरू नकोस, म्हणाला.
दोनदा म्हणाला.

आत काय, तर हप्ते. पावत्या.
कुणी किती भरले त्याचे तक्ते, माझ्या रकान्याला फिका गुलाबी रंग.
आणि विम्यासाठी काढलेले
दिवाणखान्याचे चौदा फोटो, माणसं वगळून.
नवव्यात मात्र बंद टीव्हीच्या काचेत आम्ही दोघं,
तो डोळ्याला कॅमेरा लावून,
मी स्टुलावर, दिव्याची शेड हातात धरून,
दात दिसेपर्यंत हसतेय.
कशाला, ते कोण जाणे.
विमा कंपनीने विचारलं नव्हतं.

सगळं घेतलं. निवडत बसले नाही.
तांदूळ असते तर निवडले असते.

शनिवारी शेजारचा कीथ ड्रिल घेऊन आला.
चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, चहा घेऊन मगच कामाला लागला.
जुन्या डिस्क उघडल्या तर आत आरसे निघाले,
कसलाच ओरखडा नसलेले.
त्याने एकेकाला चार-चार भोकं पाडली
आणि आता कुणाच्या बापाला वाचता यायचं नाही
अशा अर्थाचं काहीतरी त्याच्या भाषेत बोलला.
अंगणात चांदीसारखा चुरा पडला होता. मी केरसुणीनेच काढला.

रिसायकलिंगला पिवळ्या जाकिटातल्या पोराने
मान वर न करता टोस्टरांच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं.
एका किटलीला टेकून ठेवला मी तो. आडवा नाही, उभा.

आता रात्री पाण्याला उठले की
जिन्याखाली काहीच वाजत नाही, आणि मी थोडी थांबते.
नव्या डब्यावर मालक म्हणून माझं नाव आहे,
सुषमा, स्पेलिंग एकदा चुकवून.
खाली दुसरंही एक खातं उघडून ठेवलंय.
त्याला फक्त वाचायची परवानगी.
कळवलेलं नाही अजून.
बॉयलरसुद्धा, तसं पाहिलं तर,
परवापासून जरा खरखरतोय.